सीआयडी : तपासकथेतून तपास कसा हरवत गेला

धागाकर्ता

सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली 'सीआयडी' ही हिंदी पोलीस तपासमालिका आपल्यापैकी अनेकांच्या घरी वर्षानुवर्षे पाहिली गेली. तरीही तिच्याविषयी बोलणे निघाले की बहुधा दोनच सूर ऐकू येतात, एक निखळ कौतुकाचा आणि दुसरा निखळ थट्टेचा. या मालिकेचा दर्जा घसरला हे बहुतेकांना मान्य आहे, परंतु तो नेमका कोठे घसरला, याची चर्चा मी क्वचितच वाचली आहे. ही मालिका मला मनापासून प्रिय आहे, म्हणूनच ती चर्चा येथे व्हावी असे वाटते.

मराठी प्रेक्षकांना या मालिकेची पूर्वपीठिका ठाऊक होती. तिचे निर्माते बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून काम करू लागले. पुढे त्यांनी 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका केली, तिच्यात शिवाजी साटम होते. त्यामुळे त्यांनीच 'सीआयडी'त रंगवलेला एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) प्रद्युम्न आपल्यासाठी अगदीच अनोळखी नव्हता. बँकेत रोखपालाची नोकरी सांभाळून रंगभूमीवर वावरलेल्या या नटाच्या चेहऱ्यावर सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाचा थकवा आणि करारीपणा एकत्र दिसे, आणि ती भूमिका विश्वसनीय वाटण्याचे ते मोठे कारण होते. आरंभीच्या भागांत आशुतोष गोवारीकर आणि अश्विनी काळसेकर हेही तपास पथकात होते, हे नव्या प्रेक्षकांपैकी अनेकांना सांगावे लागते.

सुरुवातीच्या काळातील अनेक कथा दोन भागांत विभागलेल्या असत, आणि या एका गोष्टीचे महत्त्व मला फार मोठे वाटते. पहिल्या भागात गुन्हा घडे, घटनास्थळ दिसे, संशयितांची ओळख होई आणि भाग अशा ठिकाणी थांबे की जे तपास पथकाला ठाऊक आहे तेवढेच प्रेक्षकालाही ठाऊक असे. मधला आठवडा प्रेक्षकाचा असे. घरातली माणसे आपापला अंदाज सांगत, त्यावर वाद घालत आणि पुढच्या भागात तो अंदाज पडताळून पाहत. तपास पथकातील माणसेही आपसांत मोठ्याने विचार करत; एकाने मांडलेला तर्क दुसरा खोडून काढी आणि वरिष्ठाचा तर्कसुद्धा चुकलेला दाखवला जाई. रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांच्यात जो एक अलिखित करार असतो, की उत्तर काढण्यासाठी लागणारे सर्व दुवे वाचकासमोर ठेवले जातील, तो या मालिकेने त्या काळात बऱ्याच अंशी पाळला होता.

निर्मितीच्या अंगानेही हे लोक धाडसी होते. ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झालेला १११ मिनिटांचा भाग एकाही कटाशिवाय, सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला होता आणि त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकांत झाली. असा प्रयोग करताना प्रत्येक नटाला संपूर्ण कथा, प्रत्येक खोलीची रचना आणि प्रत्येक वस्तूची जागा पाठ असावी लागते, कारण एक चूक झाली तर सर्व काही पहिल्यापासून सुरू करावे लागते. साप्ताहिक मालिका करणाऱ्यांनी एवढी तयारी करावी, यावरून त्या पथकाला आपल्या कामाविषयी किती आस्था होती ते कळते.

पुढच्या वर्षांत काय घडले? माझे मत असे आहे की मालिकेतून तपास हळूहळू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी तपासाची चिन्हे उरली. हातमोजे, पिशवीत टाकलेला पुरावा, प्रयोगशाळेतील रंगीत द्रव आणि संगणकाचा पडदा ही सर्व चिन्हे जशीच्या तशी राहिली, परंतु त्यांच्यामधून वाहणारा विचार आटला. पूर्वी पथकाचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांचे मत शक्यता कमी करीत असे. मृत्यू साधारण कोणत्या वेळी झाला असावा किंवा जखम कशाने झाली नसावी, एवढे ते सांगत आणि पुढचे काम पथकावर सोडत. नंतरच्या भागांत मृताच्या बुटाला लागलेला एखादा कण यंत्राखाली ठेवताच तो कोणत्या कारखान्यातला आहे हेच कळू लागले आणि पथकाला गाडी काढून तेथे जाण्यापलीकडे काम उरले नाही.

संशयितांची रचनाही ठरून गेली. पहिला संशयित पोलिसांना पाहून पळतो, पाठलागानंतर पकडला जातो आणि सांगतो की मी तेथे गेलो होतो, परंतु मी पोहोचलो तेव्हा तो माणूस आधीच मेलेला होता. दुसराही थोड्याफार फरकाने तेच सांगतो. शेवटी ज्याच्याकडे कथेने लक्षच दिलेले नसते असा कोणीतरी समोर येतो, एक चपराक खातो आणि सर्व हकीकत स्वतःच सांगून टाकतो. मूळ दुखणे या शेवटच्या प्रसंगात आहे. गुन्हेगार स्वतःच सगळे सांगणार असेल, तर त्याआधीच्या चाळीस मिनिटांत गोळा केलेल्या पुराव्याने काहीही सिद्ध करण्याची गरज राहत नाही. लेखकाला ही सवलत मिळाली की दुव्यांची साखळी ढिली ठेवली तरी चालते, आणि ती तशी ठेवली गेली.

कलावंतांना मी दोष देत नाही. साटम, आदित्य श्रीवास्तव (अधिकारी अभिजीत), दयानंद शेट्टी (अधिकारी दया) आणि नरेंद्र गुप्ता (डॉ. साळुंखे) यांनी कमकुवत प्रसंगही प्रामाणिकपणे निभावले आहेत. आपणा सर्वांची मते वाचण्यास उत्सुक आहे.

वकिलीबाणा

विषय उत्तम मांडला आहे. चपराकीच्या प्रसंगाविषयी आपण जे लिहिले आहे त्याला कायद्याच्या बाजूने पुस्ती जोडतो, कारण फौजदारी न्यायालयात काम करताना या मालिकेने लोकांच्या मनात किती चुकीची कल्पना रुजवली आहे ते रोज दिसते.

पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. मालिका चालू होती तेव्हा ही तरतूद भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आली आहे. कबुलीजबाब ग्राह्य ठरायचा असेल तर तो दंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेने दिलेला असावा लागतो, आणि तो तसा दिला जात आहे याची खात्री दंडाधिकाऱ्यांनी आधी करून घ्यावी लागते. म्हणजे मालिकेतील जवळपास प्रत्येक भागाचा शेवट ज्या क्षणावर होतो, तो न्यायालयात शून्य किमतीचा आहे. एवढेच नव्हे, तर मारहाण करून मिळवलेली कबुली बचाव पक्षाच्या हाती आयते हत्यार देते.

यात एक अपवाद आहे आणि कथालेखकाला तो सोन्यासारखा वाटायला हवा. आरोपीने कोठडीत असताना दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. समजा त्याने सांगितले की ज्या सुऱ्याने मी खून केला तो विहिरीमागच्या गवतात लपवला आहे. यातील सुरा गवतात लपवल्याचे विधान चालते, खून केल्याचे विधान चालत नाही. त्यासाठी पंचांसमोर निवेदनाचा पंचनामा करावा लागतो, पंचांना घेऊन त्या जागी जावे लागते, वस्तू सीलबंद करावी लागते आणि ती प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती याची अखंड नोंद ठेवावी लागते. सुनावणीच्या वेळी पंच फितूर झाला किंवा सीलच्या नोंदीत एक दिवसाची फट राहिली, तर सगळा डोलारा कोसळू शकतो. मी असे खटले पाहिले आहेत. त्यातील नाट्य कोणत्याही पाठलागापेक्षा कमी नसते, पण वीस वर्षे चाललेल्या मालिकेला त्याची आठवण फारशी झाली नाही.

डॉ. साळुंखे यांच्याविषयीही थोडे लिहितो. प्रत्यक्षात शवविच्छेदन शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतात, व्हिसेरा, म्हणजे शरीरातील अवयवांचा नमुना, राखून ठेवला जातो आणि मुंबईतील प्रकरण असेल तर तो कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रासायनिक विश्लेषणासाठी जातो. विषशास्त्र, डीएनए, बंदुका व काडतुसे, हस्ताक्षर यांचे विभाग वेगळे आणि तज्ज्ञ वेगळे असतात. कथेच्या सोयीसाठी हे सर्व एका पात्रात एकवटले, याला माझी हरकत नाही, कारण तेवढी मोकळीक कथेला असतेच. माझी हरकत आहे ती त्या पात्राने कधीही 'सांगता येत नाही' असे न म्हणण्याला. खऱ्या अहवालात हे वाक्य वारंवार येते आणि तपास अधिकाऱ्याची परीक्षा तेथूनच सुरू होते.

दादरपूर्व

दोन्ही लेखन आवडले, तरीही मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे.

जुने भाग आज पुन्हा पाहिले तर तेही निर्दोष नव्हते असे लक्षात येते. ध्वनिमुद्रण कच्चे होते, पाहुण्या नटांचा अभिनय कित्येकदा ताठर होता आणि काही कथांतील गुन्ह्याची योजना इतकी गुंतागुंतीची होती की प्रत्यक्षात कोणीही ती अंमलात आणू शकले नसते. आपण सर्व त्या वेळी वयाने लहान होतो, वाहिन्या कमी होत्या आणि तुलना करायला फारसे काही नव्हते. आज जगभरच्या तपासमालिका घरबसल्या पाहणारा प्रेक्षक 'सीआयडी'कडे परत वळतो तेव्हा घसरण जितकी मालिकेची असते तितकीच त्याच्या बदललेल्या अपेक्षांचीही असते.

दुसरे असे की या मालिकेने एक मर्यादा कसोशीने पाळली. खुनाची मालिका असूनही आजी, आई आणि शाळकरी मूल एकत्र बसून ती पाहू शकत होते. रक्तपात बेताचा, शिवीगाळ नाही, स्त्रियांवरील अत्याचाराचे चित्रण चवीने केलेले नाही. त्याच वाहिनीवर २००३ पासून 'क्राइम पेट्रोल'मध्ये खऱ्या घटनांची नाट्यरूपांतरे येऊ लागली. ती अधिक वास्तव होती हे खरे, परंतु आमच्या घरी ती लागली की मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे लागे. 'सीआयडी' हळूहळू लहान मुलांची मालिका होत गेली, हा तिच्यावरचा आरोप म्हणून केला जातो. मला तो तिने निवडलेला प्रेक्षक वाटतो. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी साखळी ढिली असली तरी चालते, त्याला दार तुटताना पाहायचे असते आणि अपराधी पकडला गेला याचा दिलासा हवा असतो.

फ्रेडरिक्सचे उदाहरण घ्या. दिनेश फडणीस यांनी रंगवलेला हा भोळा, बायकोला घाबरणारा अधिकारी तपासाला फारसा उपयोगी पडत नसे, पण त्याच्यामुळे मृत्यूच्या कथेत श्वास घ्यायला जागा मिळत असे. ५ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले तेव्हा कितीतरी घरांत ओळखीचे माणूस गेल्यासारखे वाटले. काटेकोर तपासकथा लिहून हे प्रेम मिळाले असते का, याविषयी मला शंका आहे.

धागाकर्ता

@दादरपूर्व, आपला मुद्दा मला विचारात पाडणारा आहे आणि कौटुंबिक मर्यादेविषयी आपण जे लिहिले ते मी पूर्णपणे मान्य करतो. ती मर्यादा पाळणे हे या मालिकेचे मोठे यश आहे आणि आजच्या अनेक वेबमालिकांनी ते शिकावे.

मात्र लहान मुलांसाठी साखळी ढिली चालते, हे मला पटत नाही. मुले तर्काच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात. खिडकी आतून बंद होती तर खुनी बाहेर कसा गेला, हा प्रश्न मूल सोडत नाही. मराठीत कुमारांसाठी लिहिलेल्या रहस्यकथांची जी परंपरा आहे, तिने मुलांच्या बुद्धीवर विश्वास ठेवला आणि मुलांनी ती पुस्तके फाटेपर्यंत वाचली. सौम्य असणे आणि शिथिल असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मालिकेने पहिली जपली, परंतु तिच्या आडोशाने दुसरी आत शिरली.

फ्रेडरिक्सविषयी बोलायचे तर आरंभीच्या काळात त्याचा भोळेपणा कथेच्या उपयोगी पडत असे, कारण प्रेक्षकाच्या मनातील साधा प्रश्न तोच विचारी आणि त्याला उत्तर देताना तर्क उलगडत जाई. पुढे त्याच्यासाठी स्वतंत्र विनोदी तुकडे लिहिले जाऊ लागले आणि ते काढून टाकले तरी कथेत फरक पडेना. एका चांगल्या नटाचा हा अपव्यय मला खटकत असे.

संकलनकक्ष

मी मालिकांच्या संकलनाचे काम करतो. 'सीआयडी'वर काम केलेले नाही, त्यामुळे त्या कार्यालयातील आतली गोष्ट मी सांगू शकत नाही. परंतु दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेत दर्जा कसा झिजतो ते रोजच्या कामातून समजते, आणि येथील चर्चेत तो भाग अजून आलेला नाही.

साधे गणित पाहा. जानेवारी १९९८ ते २७ ऑक्टोबर २०१८ या काळात साधारण १०८३ आठवडे होतात आणि मालिकेचे १५४७ भाग प्रसारित झाले. सुरुवातीची कित्येक वर्षे आठवड्याला एकच भाग येत असे. त्यामुळे पुढच्या काळात आठवड्याला दोन आणि काही वेळा तीन भाग द्यावे लागले. त्यातच दोन भागांची कथा मागे पडून एका भागात एक गुन्हा ही पद्धत रूढ झाली. म्हणजे भाग दुपटीने वाढले आणि एका कथेला मिळणारे भाग निम्म्यावर आले. पूर्वी ज्या कालावधीत एक कथानक लागत होते, त्याच कालावधीत चार किंवा अधिक कथानके लागू लागली. रहस्यकथेचे कथानक उलट्या दिशेने रचावे लागते; आधी गुन्हा कसा झाला ते ठरवायचे, मग त्याच्या कोणत्या खुणा उरतील ते ठरवायचे आणि मग त्या खुणा कोणत्या क्रमाने सापडतील ते ठरवायचे. कौटुंबिक मालिकेत कालचा प्रसंग आज पुढे नेता येतो, येथे दर वेळी पाटी कोरी असते. कोणत्याही लेखकगटाला इतक्या वेगाने हे काम चोख करता येणार नाही.

या वेगाला तोंड देण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे साचा. वाहिनीला प्रत्येक जाहिरातीच्या आधी एक धक्का हवा असतो, म्हणून संशयित पळतो. जाहिरातीनंतर नव्याने आलेल्या प्रेक्षकाला कथा समजावी लागते, म्हणून पथकातील एक जण आतापर्यंतची सर्व माहिती पुन्हा बोलून दाखवतो. जाहिरातींसाठी तासाला १२ मिनिटांची नियमातील मर्यादा धरली तरी कथेला ४८ मिनिटेच उरतात. त्यातून उजळणी, पाठलाग, प्रयोगशाळेतील ठरलेला प्रसंग आणि शेवटची कबुली वजा केली की विचार करण्यासाठी किती मिनिटे उरली याचा अंदाज आपणच बांधावा. धागाकर्त्यांनी दाखवलेली चपराकीनंतरची कबुली हा वेळ वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाच दुवे जुळवून दाखवायला आठ मिनिटे लागतात, कबुलीला दोन.

लेखकांचाही विचार व्हावा. श्रीधर राघवन आणि रजत अरोरा यांनी या मालिकेसाठी लेखन केले होते आणि दोघेही पुढे हिंदी चित्रपटांचे पटकथालेखक म्हणून नावारूपाला आले. चांगले लेखक मोठ्या कामाकडे जाणे स्वाभाविकच आहे. अडचण अशी की त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या लेखकाच्या हाती पात्रे आणि ठरलेली वाक्ये पडतात, त्यामागचा विचार हाती पडत नाही. दया दार तोडतो एवढे त्याला ठाऊक असते. ते दार तोडण्यापर्यंत गोष्ट का आली, हे लिहिण्याची सवय मात्र मोडलेली असते.

वकिलीबाणा

@संकलनकक्ष, शेवटच्या दोन वाक्यांविषयी एक नोंद. अटकेसाठी घरात शिरताना पोलिसांनी आधी आपली ओळख व अधिकार सांगून आत येऊ देण्याची मागणी करायची असते आणि ती नाकारली गेली तर दार तोडण्याची परवानगी कायदा देतो. आरंभीच्या भागांत दारावर थाप, उत्तराची वाट, पुन्हा थाप आणि मग नाइलाजाने तोडणे असा क्रम असला की त्या कृतीला वजन येत असे. पुढे दार दिसताच ते तुटू लागले.

निशिगंध_पुणे

समाजमाध्यमांनीही या घसरणीला हातभार लावला असे मला वाटते. 'कुछ तो गडबड है' आणि 'दया, दरवाजा तोड दो' ही वाक्ये व एसीपींच्या बोटांची हालचाल यांवर विनोद सुरू झाले तेव्हा ते प्रेमातूनच आले होते. त्यानंतर मात्र मालिकाच त्या विनोदांना उत्तर देऊ लागली. प्रेक्षक या वाक्याची वाट पाहत आहे हे ओळखून वाक्य आधी ठरू लागले आणि प्रसंग त्याच्याभोवती बेतला जाऊ लागला. ज्या पात्राला स्वतःचे लकबवजा रूप ठाऊक असते, त्याच्या मनातली चिंता प्रेक्षकाला खरी वाटत नाही. अभिनेत्यांचा यात काही इलाज नव्हता, कारण ती वाक्ये टाळली असती तर तक्रार आपणच केली असती.

दुसऱ्या पर्वाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

२०१८ मध्ये वाहिनीने मालिका थांबवताना हा मध्यंतर असल्याचे म्हटले होते आणि तो मध्यंतर सहा वर्षांहून अधिक लांबला. २१ डिसेंबर २०२४ रोजी मालिका परतली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. प्रद्युम्न, अभिजीत आणि दया ही त्रयी पुन्हा दिसणार होती, चित्रीकरण अधिक सफाईदार झाले होते आणि फेब्रुवारी २०२५ पासून भाग नेटफ्लिक्सवरही येऊ लागले. म्हणजे आता जाहिरातीच्या सोयीसाठी कथा तोडण्याचे बंधन निदान त्या प्रेक्षकापुरते उरले नव्हते. एकापेक्षा अधिक भागांत विस्तारलेली, सावकाश उलगडणारी तपासकथा पुन्हा मांडण्याची अशी संधी या मालिकेला आधी कधीच मिळाली नव्हती.

प्रत्यक्षात जो विस्तार मिळाला तो अधिकाऱ्यांच्या खासगी संकटांना मिळाला. आरंभच अभिजीत आणि दया एकमेकांचे वैरी झाल्याच्या कथेने झाला. या दोघांची मैत्री हा मालिकेचा भावनिक पाया होता आणि पूर्वी ती तपासाच्या ओघात, एखाद्या नजरेतून किंवा न बोलता दिलेल्या साथीतून दिसत असे. ती तोडून पुन्हा जोडण्याचा खेळ करताना गुन्हा मागे राहिला.

त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला गेला. वाहिनीने समाजमाध्यमांवर खऱ्या माणसासाठी लिहावी तशी श्रद्धांजली प्रसिद्ध केली, पार्थ समथान यांनी रंगवलेले नवे एसीपी आले, आणि थोड्याच काळात प्रद्युम्न जिवंत परतले. मला याचा खरोखर राग आला. ज्या मालिकेचा गाभाच मृत्यूचा अर्थ लावणे हा आहे, तिने मृत्यू असा मागे घ्यावा, याने तिच्यातील प्रत्येक मृतदेहाची किंमत कमी होते. शिवाय माझ्या आईसारखे प्रेक्षक, जे या पात्राबरोबर म्हातारे झाले, त्यांनी ती श्रद्धांजली खरी मानली होती. त्या पात्राला निरोप द्यायचाच होता तर तो सन्मानाने, एखादा अपुरा राहिलेला तपास पूर्ण करून द्यायला हवा होता.

दादरपूर्व

@निशिगंध_पुणे, या एका बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. पहिल्या पर्वात एसीपींना स्वतःच्या गुन्हेगार मुलावर, नकुलवर, गोळी झाडावी लागते, ते प्रकरण मला अजून अस्वस्थ करते. तेथे खासगी दुःख आणि कर्तव्य एकाच प्रसंगात उभे होते आणि तो मृत्यू मागे घेतला गेला नाही. त्याची सावली त्या पात्रावर पुढे कित्येक वर्षे राहिली. अधिकाऱ्यांच्या आयुष्यातील संकट कथेत आणू नये असे माझे म्हणणे नाही, परंतु त्याचा परिणाम शिल्लक राहायला हवा. यावरून धागाकर्त्यांचा मुद्दा मला आता अधिक समजतो. तपास असो वा दुःख, जे घडले ते नंतर खरे मानून पुढे जाण्याची शिस्तच सैल झाली आहे.

वकिलीबाणा

नव्या पर्वाच्या निमित्ताने आणखी एक खंत नोंदवतो. २०२४ मध्येच लागू झालेल्या, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण होणे बंधनकारक केले आहे. राज्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे 'सीआयडी'ने जी कल्पना लोकप्रिय केली, प्रयोगशाळेचा माणूस पथकाबरोबर तपासात उतरणे, ती आता देशाच्या कायद्यात आहे आणि नेमकी त्याच वर्षी मालिका परत आली. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत घटनास्थळ कोणी सांभाळले, चित्रीकरणात काय टिपले गेले आणि काय सुटले, गर्दीने पावलांचे ठसे पुसले तर काय करायचे, तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञच उपलब्ध नसेल तर काय, अशा प्रश्नांतून वर्षभराच्या कथा निघाल्या असत्या. या मालिकेपाशी कोट्यवधी प्रेक्षकांचा विश्वास होता आणि सांगण्यासारखे नवे काहीतरी तयार होते.

धागाकर्ता

सर्वांनी एवढ्या विचारपूर्वक लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. @संकलनकक्ष यांच्या गणिताने माझ्या मांडणीत राहिलेली जागा भरून निघाली. लेखकांनी सवलत घेतली असे मी लिहिले होते; ती त्यांच्यावर लादली गेली होती असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

@वकिलीबाणा, आपला प्रतिसाद वाचल्यापासून एक रचना माझ्या मनात घोळत आहे. कथा तीन भागांची असावी, आठवड्याला एकच भाग यावा आणि तिसऱ्या भागात कबुली नसावी. गुन्हेगार शेवटपर्यंत गप्प राहतो, त्याचा वकील त्याच्या शेजारी बसलेला असतो आणि प्रद्युम्न, अभिजीत व दया यांना जे काही सिद्ध करायचे आहे ते सापडलेल्या वस्तूंच्या आणि साक्षीदारांच्या बळावरच करावे लागते. डॉ. साळुंखे एकदा तरी म्हणतात की यावरून निश्चित सांगता येत नाही, आणि कथा तेथे थांबून विचार करते. हे चारही कलावंत आजही काम करत आहेत आणि अशी कथा पेलण्याची त्यांची ताकद आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

ज्यांना आरंभीच्या काळातील दोन भागांच्या कथा आठवत असतील त्यांनी कृपया एकेका कथेविषयी सविस्तर लिहावे : पहिला भाग कोठे थांबला होता, त्या वेळी तुमचा अंदाज काय होता आणि दुसऱ्या भागात तो कोणत्या दुव्यामुळे चुकला किंवा बरोबर ठरला.

निशिगंध_पुणे

आईला विचारून पुढच्या आठवड्यात लिहिते. तिला गुन्हेगारांपेक्षा दुवे जास्त आठवतात.